दीडशेही वस्ती नसलेल्या गावात फ्रेंच जेवण: आईला घेऊन जावं का?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले आहेत. मागच्या शनिवारी त्यांना पानगळीचे रंग दाखवायला स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर नेलं, पण वर इतकं धुकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसेना. शेवटी थॉर्न्टन गॅपच्या खिंडीत खाली उतरलो आणि २११ नंबरच्या रस्त्याने घरी निघालो. स्पेरीव्हिल मागे पडल्यावर बाबांना चहाची तलफ आली, तेवढ्यात 'वॉशिंग्टन' अशी पाटी दिसली. आपलं नेहमीचं राजधानीचं वॉशिंग्टन डीसी नव्हे, त्याच नावाचं एक खेडं. पायी दहा मिनिटांत संपेल एवढं.

कोपऱ्यावर एक कॅफे होता, तिथे बसलो. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होती. तिथून पांढरे कोट आणि काळ्या ठिपक्यांच्या विजारी घातलेली माणसं ये-जा करत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अगं, गावात माणूस दिसेना आणि आचारी मी चौदा मोजले. एवढा स्वयंपाक कुणासाठी?"

कॅफेतल्या मुलीने सांगितलं की ते 'द इन ॲट लिटल वॉशिंग्टन' नावाचं हॉटेल. फ्रेंच धाटणीचं जेवण, आणि लोक तिथे जेवायला दूरदूरहून येतात.

आईला हा प्रश्न का पडला ते सांगते. तिने विश्रामबागला तेवीस वर्षं खानावळ चालवली. वालचंद कॉलेजची मुलं जेवायला असायची. सकाळी चाळीस डबे, शिवाय दुपारी आणि रात्री पंगत. माझं आणि भावाचं शिक्षण त्या पोळ्यांवर झालं. तेवीस वर्षांत तिने गरम पोळी बसून खाल्लेली मला आठवत नाही. डिसेंबरमध्ये ती सत्तर वर्षांची होते आहे. त्या दिवशी तिला कुणीतरी बसवून, एकेक पदार्थ हातात आणून वाढावा असं माझ्या मनाने घेतलंय, आणि ते त्या खिडकीतच ठरलं.

पण ती पक्की शाकाहारी आहे. अंडंही चालत नाही. वाइन घातलेलं काही नको म्हणेल. बाबा सगळं खातात. कुणी तिथे जाऊन आलंय का? शाकाहारी माणसाला खरंच काही मिळतं की सॅलडवर बोळवण होते? साडी नेसून गेलेलं चालेल ना? काट्याचमच्यांच्या रांगेसमोर ती अवघडून गेली तर माझं मन खाईल. पैशांचाही अंदाज द्या.

---

वॉरेंटनवाली

ताई, मी वॉरेंटनला सतरा वर्षं राहतेय. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याने परत आलात त्याच रस्त्यावर. तिथे दोनदा जेवले आहे, एकदा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आणि एकदा बहीण पुण्याहून आली तेव्हा. आम्ही दोघी बहिणी शाकाहारी, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर अनुभवाने देते: सॅलडवर बोळवण होत नाही. तिथे शाकाहारी जेवणाचा पूर्ण वेगळा क्रम असतो, पहिल्या घासापासून गोडापर्यंत. त्यांचा एक पदार्थ प्रसिद्ध आहे, पोर्टोबेलो नावाचं मोठं अळंबी मांसाच्या तुकड्यासारखं शिजवून वाढतात आणि मेनूवर लिहितात की हे अळंबी फिले मिन्योंचं, म्हणजे गोमांसाच्या कोवळ्या तुकड्याचं, सोंग घेतंय. मला वाटलं होतं नुसतीच गंमत असेल, पण खाल्ल्यावर शाकाहारी पाहुण्यासाठी कुणीतरी तितकाच जीव ओतलाय हे कळलं.

गावाबद्दल थोडं. हे रॅपहॅनक काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. २०१० च्या जनगणनेत तिथे १३५ माणसं होती. सतरा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने १७४९ मध्ये जमिनीची मोजणी करून रस्ते आखले असं गावकरी अभिमानाने सांगतात. डीसीपासून साधारण ६७ मैल.

आणि ती इमारत म्हणजे एके काळचं गाडी दुरुस्तीचं गॅरेज! पॅट्रिक ओ'कॉनेल आणि राइनहार्ट लिंच या दोघांनी १९७८ च्या जानेवारीत तिथे हॉटेल सुरू केलं. त्याआधी ते आसपासच्या लोकांच्या समारंभांना जेवण पुरवायचे, तेही लाकडाच्या चुलीवर शिजवून. अर्ध्या गॅरेजचं भाडं महिना २०० डॉलर. सुरुवातीला टॅरागॉनचा सुवासिक पाला घातलेली भाजलेली कोंबडी ४ डॉलर ९५ सेंटला मिळायची. काही आठवड्यांतच राजधानीतल्या एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने येऊन भरभरून लिहिलं आणि गाड्यांची रांग लागली. ओ'कॉनेल कुठल्या पाककलेच्या शाळेत गेलेले नाहीत. ते नाटक शिकत होते, स्वयंपाक पुस्तकं वाचून आणि करून करून शिकले. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वांत वरचा, तारा २०१८ मध्ये मिळाला, म्हणजे चाळीस वर्षांनी.

साडी नेसूनच या. आतली सजावट लंडनच्या एका नेपथ्यकार बाईंनी केलेली आहे. गुलाबी झिरमिळ्यांचे दिवे, रेशमी छत, भिंतीभर नक्षी. तिथे आईंची कांजीवरम जितकी शोभेल तितकी हर्नडनमध्ये कुठेच शोभणार नाही. अवघडलेपणाची काळजी करू नका. वाढणारी माणसं टेबलावर आलेल्यांचा चेहरा बघून मनःस्थितीला दहापैकी गुण देतात आणि कुणीही नवाच्या खाली राहून परत जाऊ नये म्हणून झटतात, असं मी वाचलं होतं. दोन्ही वेळा मला ते जाणवलं.

खर्च मात्र मोठा आहे. आम्ही गेलो तेव्हा माणशी ३०० डॉलरच्या पुढे होता, पेयं आणि कर वेगळे. आताचा आकडा त्यांनाच विचारा, आणि आरक्षण आजच करा. डिसेंबर लवकर भरतो.

---

शिजवणारा_माणूस

मी पेशाने आचारी. मुंबईत शिकलो, नंतर फ्रान्समधल्या ल्यों शहरात चौदा महिने एका स्वयंपाकघरात काम केलं, आता रिचमंडला आहे. अंडं, वाइन वगैरेंचं आधी सांगतो, मग एक गोष्ट सांगायची आहे.

आरक्षण करतानाच सगळं स्पष्ट सांगा, जेवायला बसल्यावर नको. फ्रेंच स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'फों', म्हणजे हाडं तासन् तास उकळून काढलेला अर्क. सूपमध्ये, सॉसमध्ये, कधी भाताच्या प्रकारातही तो असतो, आणि वरून पाहून कळत नाही. तुमच्या आईंसाठी चार गोष्टी नावानिशी सांगा: हाडांचा अर्क नको, जिलेटिन नको, अंडं नको, वाइन नको. होलंडेझ आणि मेयोनेझ हे सॉस, कस्टर्ड, सुफले यांत अंडं असतंच. 'बर ब्लाँ' हा पांढरा लोण्याचा सॉस शाकाहारी दिसतो, पण तो वाइन आणि व्हिनेगर आटवून करतात. चीजचंही विचारा. रोकफोर, कोंते यांसारखी पारंपरिक फ्रेंच चीज जनावराच्या पिल्लाच्या पोटातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने विरजतात. आई ते पाळत असतील तर वनस्पतिजन्य रेनेटची कुठली आहेत ते चीज वाढणारा सांगेल. चांगल्या स्वयंपाकघराला अशा सूचनांचा त्रास होत नाही. आयत्या वेळी कळलं तर होतो, कारण सॉस सकाळीच चढलेले असतात.

दुसरं, वाढण्याची पद्धत आईंना आधी समजावून ठेवा. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, सगळं एकदम समोर असतं आणि घास आपण जुळवतो. तिथे एकामागून एक येतं. फ्रान्समध्येही पूर्वी सगळे पदार्थ एकदम मांडायचे. एकेक वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि तिला 'रशियन पद्धत' म्हणतात. त्यामुळे पहिली ताटली छोटी दिसली तरी पोट भरणार आहे. घाई नको, तीन तास धरून चला.

आता ती गोष्ट. सगळ्यांना वाटतं की एवढं भारी फ्रेंच जेवण खेड्यात कसं. मला ल्योंमध्ये राहून उलटं कळलं. या जेवणाचं घरच आडगाव आहे. मिशेलिन ही टायरची कंपनी. त्यांनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, १९२६ मध्ये तारे द्यायला सुरुवात केली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, तीन तारे म्हणजे फक्त तिथे जेवायला मुद्दाम प्रवास करावा असं. फेर्नां प्वाँ या नामवंत आचाऱ्याचं हॉटेल व्हिएन नावाच्या छोट्या शहरात, पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुसरे तसेच आचारी आलेक्सांद्र द्युमेन सोलियू गावात. त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य जगभर गेले.

आणि ताई, त्याच्याही आधी कोण होतं माहीत आहे? ल्योंच्या 'मेर', म्हणजे 'माता'. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बायका. त्यांनी नोकरी सुटल्यावर किंवा सोडून स्वतःच्या छोट्या खानावळी काढल्या. चारच पदार्थ, पण ते रोज तसेच आणि तितकेच चांगले. त्यांतल्या ओझेनी ब्राझिए, जन्म १८९५ चा, लहानपणी शेतावर राबलेल्या, लग्नाआधी मूल झालं म्हणून घराबाहेर पडलेल्या. १९२१ मध्ये त्यांनी ल्योंमध्ये छोटी खानावळ काढली. पुढे शहराबाहेर डोंगरात, कोल द ला ल्युएर इथे एका लाकडी घरात दुसरी. १९३३ मध्ये त्यांच्या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. पोल बोक्युज या जगप्रसिद्ध आचाऱ्याने त्या डोंगरातल्या स्वयंपाकघरात उमेदवारी केली. तिथे त्याला गाईचं दूध काढावं लागे आणि बागेत खपावं लागे.

मी हे का लिहितोय? आईंना तिथे पाहुणी म्हणून नेताना त्यांना हे सांगा. आपण कुठल्या परक्या, मोठ्या लोकांच्या जागी आलोय असं त्यांना वाटता कामा नये. ही परंपरा खानावळवाल्या बायकांनी उभी केली आहे.

---

फेअरफॅक्सकर

मन मोडायचं नाही, पण चार माणसांचे मिळून दीड हजार डॉलर एका जेवणाचे, हे मला पटत नाही. तेवढ्यात आई-बाबांना नायगारा दाखवून होईल. फ्रेंच जेवणच हवं असेल तर ग्रेट फॉल्सला 'लोबेर्ज शे फ्रांस्वा' आहे. १९५४ मध्ये डीसीत सुरू झालं आणि १९७६ मध्ये ग्रेट फॉल्सला आलं. अल्सास भागातलं जेवण, बाग सुंदर, हर्नडनहून अर्ध्या तासात पोहोचाल आणि खर्च बराच कमी. आम्ही दोघांच्याही आई-वडिलांना तिथे नेलं होतं. सगळे खूश होते.

---

सांगलीची_लेक

फेअरफॅक्सकर दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि ते ठिकाण बाबांच्या वाढदिवसासाठी लिहून ठेवलंय. पण आईने त्या खिडकीत आचारी मोजले ते माझ्या डोक्यातून जात नाही. नायगाऱ्याचं विचारलं तर म्हणाली, "पाणी कृष्णेला बघितलंय, २००५ मध्ये, २०१९ मध्ये. पुरे झालं." तेव्हा भावाने आणि मी मिळून पैसे घालायचं ठरवलंय. आरक्षण मिळालं, आठवड्याच्या मधल्या दिवसाचं.

शिजवणारे दादा, तुमचा ब्राझिएबाईंचा भाग मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री झोपताना विचारलं, "त्या बाईचं मूल पुढे काय झालं गं?" मला माहीत नव्हतं.

---

शिजवणारा_माणूस

मुलगा. गास्तों. तो आईबरोबर त्याच धंद्यात उतरला, ल्योंची खानावळ त्याने सांभाळली. आईंना सांगा.

---

सांगलीची_लेक

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, कारण आई-बाबांची परतीची गडबड होती.

आईने मोरपंखी इरकल नेसली. दारातच नावाने स्वागत झालं आणि तिच्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेला मेनू टेबलावर होता. तिला इंग्रजी वाचता येतं, हळू. तिने तो पूर्ण वाचला, एकेक ओळ बोट ठेवून, आणि कुणीही घाई केली नाही. सूचना मी फोनवर चारही सांगितल्या होत्या. वाढणाऱ्याने बसताक्षणी त्या स्वतःहून म्हणून दाखवल्या.

सुरुवातीला बोटाएवढे घास आले. मग वाटीभर गरम सूप. त्या अळंब्याच्या वेळी आईने सुरी बाजूला ठेवून काट्याने टोचून बघितलं, वास घेतला, मग खाल्लं. म्हणाली, "आधी कोरडं भाजलंय, मग रस पाजलाय. उलटं केलं असतं तर चामट झालं असतं." मी ते वाढणाऱ्याला सांगितलं. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला की अगदी बरोबर. त्यानंतर आईची पाठ खुर्चीला टेकली. तोपर्यंत ती कडेला बसली होती, कुणाला काही हवं असेल तर उठावं लागेल अशी.

चीज येतं ते चाकांवरच्या एका गायीवर, आणि ती गाय हंबरते! बाबा इतके मोकळे हसले की शेजारच्या टेबलावरचे लोकही हसायला लागले. आईसाठी दोन चीज वेगळी काढून दिली, वनस्पतिजन्य रेनेटची. गोडात बाकीच्यांना अंड्याचं होतं, तिला सफरचंदाचं सरबत गोठवून केलेलं दिलं. सफरचंदं आसपासच्या बागांतली. तिने ते सगळ्यांत शेवटपर्यंत पुरवून खाल्लं. बाबांना ब्रेड आणि लोणी सगळ्यांत जास्त आवडलं. भात नव्हता हे ते गाडीत बसल्यावर म्हणाले.

मी आधीच विनंती केली होती, म्हणून जेवणानंतर आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. तेच ठिपक्यांच्या विजारीवाले आचारी. मला वाटलं होतं आई भांडी बघेल, शेगडी बघेल. तिने आधी फरशी बघितली. मग मोरी. मग ओट्यावर दुमडून ठेवलेली फडकी. तांब्याच्या भांड्यांकडे शेवटी वळली. एका तरुण आचाऱ्याने विचारलं की काही विचारायचंय का. ती म्हणाली, "यांना विचार, कामाची माणसं जेवतात कधी?"

मी भाषांतर केलं. तो म्हणाला, रोज दुपारी, पाहुणे येण्याआधी, सगळे एकत्र, आणि ते जेवण आळीपाळीने आमच्यातलंच कुणीतरी करतं.

आई म्हणाली, "मग बरोबर. त्या दिवशी दुपारी ती माणसं तेव्हाच इकडून तिकडे जात होती." आणि तिने त्या मुलाच्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. तो गोंधळला, मग त्यानेही तसंच केलं.

तिच्या खानावळीत आधी वाढपी आणि भांडीवाल्या मावशी जेवायच्या, मग पंगत बसायची. मुलं कधी कधी ओरडायची, उशीर होतो म्हणून. हे मी विसरले होते.

वॉरेंटनवाली, तुमच्या रस्त्याने परत येताना साडेदहा झाले होते. ॲमिसव्हिलच्या अलीकडे हरणांचा कळप आडवा आला. तुम्ही रोज कसं चालवता?

---

वॉरेंटनवाली

वाचताना डोळे भरून आले. हरणांचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फार असतात. एक दिसलं की मागे आणखी दोन-तीन आहेत असं धरून गाडी थांबवायचीच. मोठे दिवे लावून ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर जायचं नाही. आणि पुढच्या वेळी आई येतील तेव्हा वाटेत माझ्याकडे थांबा. भात लावते.